आमचा ब्लोअर आणि पंख्याचा पाचवा घात

“पोरगा इंजिनिअरिंगला आहे ना? मग त्यालाच विचारा की!”

मित्रांनो, हे वाक्य ज्याच्या कानावर पडलं नाही असा हॉस्टेलवासी शोधून सापडायचा नाही. आपण फर्स्ट इयरला ॲडमिशन घेतो आणि त्या दिवसापासून गावातला प्रत्येक बंद पडलेला मिक्सर, प्रत्येक खरखरणारा रेडिओ आणि प्रत्येक न लागणारा मोबाईल आपल्या वाट्याला येतो. आपली ब्रँच मेकॅनिकल आहे, सिव्हिल आहे की कॉम्प्युटर, याच्याशी कुणालाही देणंघेणं नसतं. वर्कशॉपमध्ये एक चौकोनी जॉब फाईल करताना आपल्या बोटांना फोड आले होते, हे घरी सांगायची सोय नसते. असो.

माझ्या वाट्याला मात्र मिक्सर आला नाही. आला तो ब्लोअर. तोही साधासुधा नाही, ट्रॅक्टरच्या मागे बसवायचा, डाळिंबावर फवारणी करायचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचलो तर आण्णांनी चहा होण्याआधीच दोन कोटेशनं पुढ्यात टाकली आणि म्हणाले, “यातला कुठला घ्यायचा ते तू सांग. कांद्याचे पैसे आलेत. पण एकदाच घ्यायचाय, परत परत नाही.”

आधी थोडं गावाबद्दल सांगतो. आमचं गाव शिरूर तालुक्यात. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे जाणारा रस्ता पारगावला भीमेवरचा पूल ओलांडतो. पुलाच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. पुण्यात आपण ज्या मुळा-मुठेवरून नाकाला रुमाल लावून जातो, तीच रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. नदीकाठची जमीन काळी, कसदार. तिथे ऊस, आणि पलीकडे केडगाव-चौफुल्याच्या पट्ट्यात गुऱ्हाळं. माझे मामा त्या बाजूचे, म्हणजे दौंडकर. त्यांच्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर, दहा एकर ऊस आणि सगळ्या विषयांवर मत. आम्ही मात्र नदीपासून लांब, मुरमाड रानात. तिथे ऊस परवडत नाही, डाळिंब बरं येतं. चार एकर भगवा आहे. ओळींमधलं अंतर १४ फूट, झाडांमधलं १० फूट. म्हणजे एकरी तीनशेच्या वर झाडं, चार एकरांत साधारण साडेबाराशे.

डाळिंबाचं पुण्याशी जुनं नातं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. ‘गणेश’ ही जात डॉ. चीमांनी १९३६ साली निवडली ती आपल्या पुण्यातल्या गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात. आज जिकडेतिकडे भगवा दिसतो. पण जात कुठलीही असो, शत्रू एकच : तेल्या. पानावर आणि फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं आणि बाजारात त्याला कुणी हात लावत नाही. हा रोग जिवाणूंमुळे होतो, आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. त्यामुळे पाऊस उघडला की लगेच, शक्य तितक्या लवकर, सगळ्या बागेवर फवारा मारावा लागतो. दोन दिवसांनी मारून उपयोग नाही.

इथेच आमची अडचण होती. आमच्याकडे फवारणी एचटीपी पंप आणि गनने व्हायची. एकाने नळी ओढायची, एकाने गन धरायची. चार एकरांना दोन दिवस लागायचे. नळी ओढायला पूर्वी माणूस मिळायचा. आता गावातली निम्मी पोरं रांजणगावच्या एमआयडीसीत आणि उरलेली कुरकुंभच्या. सकाळी सहाला कंपनीच्या बसमध्ये बसणारा माणूस तुमची नळी कशाला ओढेल? म्हणून गेली तीन वर्षं गन आण्णांच्या हातात आणि नळी आईच्या. तोंडाला टॉवेल गुंडाळायचा, की झालं संरक्षण. वारा फिरला की सगळं औषध अंगावर. आण्णांना खोकला लागला तो जाईचना. शिरूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “औषधापासून लांब राहा, नाहीतर माझ्या औषधाचा उपयोग नाही.” २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलंय. आईनेही वाचलं होतं. ब्लोअरचा हट्ट मुळात तिचा.

तर मुद्द्यावर येतो. कोटेशनं दोन होती. पहिलं यंत्र ५५० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचं, २०० लिटरच्या टाकीचं. दुसरं ६१६ मिलिमीटर पंख्याचं, ३०० लिटर टाकीचं आणि चाळीस हजारांनी महाग. दोन्ही ट्रॅक्टरच्या थ्री पॉइंट लिंकेजवर उचलून घ्यायची. आमचा ट्रॅक्टर २४ एचपीचा, म्हणजे मिनी. डाळिंबाच्या ओळीत मोठा ट्रॅक्टर घातला तर फांद्या मोडतात, म्हणून मिनीच घेतलेला. आण्णांचा कल मोठ्या यंत्राकडे. कारण शेजारच्या वस्तीवर तोच आहे आणि त्याची हवा “लांबून ऐकू येते”. मामा म्हणाले, “दाजी, घ्यायचा तर मोठाच घ्या. ट्रॅक्टर काय, ओढतोच.” आई म्हणाली, “तुमच्या ४५च्या ट्रॅक्टरवर बसून आमच्या २४च्या गप्पा मारू नका.” मामा गप्प. हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

रात्री मी आणि माझा रूमपार्टनर फोनवर इंटरनेट चाळत बसलो. तो त्याच्या गावी, मी माझ्या. कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचा ब्लोअर म्हणून शोधलं तर त्याला सगळे फोटो बर्फाचे दिसायला लागले! कॅनडात, अमेरिकेत छोट्या ट्रॅक्टरला ब्लोअर लावतात तो अंगणातलं बर्फ उडवायला. शिरूरला बर्फ फक्त रसवंतीत आणि मढीच्या कुल्फीवाल्याकडे. आम्ही खूप हसलो. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं की त्या लोकांचे प्रश्न हुबेहूब आमचेच आहेत. ट्रॅक्टरच्या पीटीओला यंत्र झेपेल का? मागे लावलं तर पुढचं चाक उचलेल का? रुंदी किती घ्यायची? आणि गंमत म्हणजे बर्फाचा ब्लोअर मूळचा शेतीतूनच आलाय. क्यूबेकच्या आर्थर सिकार्डला धान्य मळणीचं यंत्र पाहून ही कल्पना सुचली असं सांगतात. त्याने १९२५ साली पहिलं यंत्र बनवलं आणि १९२७ साली ते मॉन्ट्रियलजवळच्या आउटरमॉन्ट गावाला विकलं. आपल्याकडेही झोजी ला आणि रोहतांगचे रस्ते उघडायला सीमा सडक संघटना अशीच बर्फ कापून फेकणारी यंत्रं वापरते. म्हणजे मळणीयंत्र धान्य फेकतं, सिकार्डचं यंत्र बर्फ फेकतं आणि आमचं यंत्र औषधाचे थेंब फेकणार. तत्त्व एकच : फिरता दांडा, त्यावर पाती, आणि मागून ढकलणारी ताकद.

ही ताकद येते पीटीओमधून. ट्रॅक्टरच्या पाठीमागे जो खाचांचा दांडा बाहेर आलेला असतो, तो पीटीओ. त्याचा वेग मिनिटाला ५४० फेरे. हा आकडा १९२०च्या दशकात अमेरिकेत ठरला आणि आज शिरूरपासून क्यूबेकपर्यंत तोच चालतो. कुठल्याही कंपनीचं यंत्र कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला लागतं ते या एका आकड्यामुळे. आपल्याला मेसच्या ताटाला चमचा बसेल याची खात्री नसते, तिथे शंभर वर्षं हे टिकून आहे!

आता हिशोब. इंजिन २४ एचपीचं असलं तरी पीटीओपर्यंत पोचते ती साधारण ८५ टक्के ताकद, म्हणजे २० एचपी. यातून दोन गोष्टी चालवायच्या : पंप आणि पंखा. पंप मिनिटाला ६५ लिटरचा, दाब ३० बार. ६५ गुणिले ३०, भागिले ६००, म्हणजे सव्वातीन किलोवॅट. पंपाची कार्यक्षमता धरली तर ५ एचपी. लहान पंख्याला डीलरच्या माहितीपत्रकाप्रमाणे ८ एचपी लागत होती. एकूण १३. विसातून तेरा गेले, सात शिल्लक. चढाला, चिखलाला आणि इंजिनाच्या म्हातारपणाला पुरेसे.

मोठ्या पंख्याची एचपी माहितीपत्रकात नव्हती. डीलर म्हणाला, “थोडी जास्त लागते.” थोडी म्हणजे किती? इथे मला टर्बो मशीन्सच्या पुस्तकातलं ते पान आठवलं, जे आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो आणि व्हायवा झाल्यावर विसरतो. पंख्याचे नियम. वेग तोच ठेवून पंख्याचा व्यास वाढवला तर हवा व्यासाच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते, पण ताकद लागते ती पाचव्या घाताच्या प्रमाणात! ६१६ भागिले ५५० म्हणजे १.१२. त्याचा तिसरा घात १.४. पाचवा घात १.७६. म्हणजे व्यास दिसायला फक्त १२ टक्के मोठा, पण हवा ४० टक्के जास्त आणि ताकद ७६ टक्के जास्त. ८ एचपीचे झाले १४. त्यात पंपाचे ५. एकोणीस! विसातून एकोणीस गेले, शिल्लक एक. त्या एकात ट्रॅक्टर चालणार, बांध चढणार आणि वर आण्णा बसणार. चालतो हो, डीलर खोटं बोलत नव्हता. पण दम लागलेल्या माणसाला पळवावं तसा चालतो.

मी वहीतलं पान आण्णांना दाखवलं. आण्णा सातवी शिकलेले. त्यांनी चष्मा लावून ते पान पाहिलं आणि विचारलं, “मग शेजारचा ट्रॅक्टर हळू चालवतो तेव्हा पण हवा चांगली येते. ती कशी काय?”

मित्रांनो, हा प्रश्न एक्स्टर्नलने विचारायच्या लायकीचा होता. कारण त्याचं उत्तर त्याच पानावर, पण खालच्या ओळीत आहे. व्यास तोच ठेवून वेग कमी केला तर हवा वेगाच्या प्रमाणात कमी होते, ताकद मात्र वेगाच्या तिसऱ्या घाताने कमी होते. मोठ्या यंत्राच्या गिअरबॉक्सला दोन स्पीड होते. एकात पंखा पीटीओच्या साडेचारपट फिरतो, म्हणजे मिनिटाला २४३० फेरे. दुसऱ्यात ३.६ पट, म्हणजे १९४४. वेग २० टक्क्यांनी कमी. ०.८चा तिसरा घात ०.५१. म्हणजे १४ एचपीचे उरतात फक्त ७.२. आणि हवा? १.४ गुणिले ०.८, म्हणजे १.१२. लहान पंखा पूर्ण वेगात जेवढी हवा देतो त्यापेक्षा १२ टक्के जास्त, आणि तीही कमी ताकदीत! फक्त बाहेर पडणाऱ्या हवेचा वेग दहा टक्के कमी होतो. आंब्याच्या उंच झाडाला ते चाललं नसतं. डाळिंबाचं झाड सहा-सात फुटांचं, हाताशी उभं. त्याला चालतं. शिवाय पंप पीटीओवरच फिरतो, त्यामुळे पंखा हळू झाला तरी फवाऱ्याचा दाब कमी होत नाही.

हवा नेमकी किती लागते, तेही काढलं. झाडाच्या आत जी हवा अडकलेली असते ती ढकलून तिथे औषधाची हवा भरायची असते. ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटर चालला, ओळींतलं अंतर ४.३ मीटर आणि झाडाची उंची २ मीटर धरली, तर तासाला २१,५०० घनमीटर जागा ओलांडली जाते. सगळी हवा बदलावी लागत नाही. पानं दाट असतील तर निम्मी, विरळ असतील तर तिसरा हिस्सा. दाट धरून निम्मे म्हणजे १०,७५०. लहान पंख्याची हवा होती १०,०००, मोठ्याची सावकाश गिअरमध्ये ११,२००. आता बोला! पंख्याच्या बाबतीत आण्णांच्या कानाने आणि माझ्या वहीने एकच उत्तर दिलं.

पण कागदावर आण्णांचा विश्वास बसला तरी आईचा बसेना. “झाडाच्या आत औषध जातं का ते डोळ्यांनी दाखव,” ती म्हणाली. बाहेरच्या देशांत यासाठी एक पिवळा कागद मिळतो, पाण्याचा थेंब पडला की निळा होणारा. आमच्याकडे तो कुठून येणार? मी विचार करत बसलो तर आईच म्हणाली, “हळदीत चुना पडला की कुंकू होतं. तसलं काहीतरी कर की.” यालाच म्हणतात घरची लॅब! इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शीटच्या उरलेल्या कडा कापल्या, हळदीच्या पाण्यात बुडवून सुकवल्या. टाकीत औषधाऐवजी शंभर लिटर पाणी आणि त्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा. फळ नसलेली कडेची सहा झाडं निवडली. प्रत्येक झाडाच्या आत, पानांच्या खाली-वर, स्टेपलरने कागद अडकवले.

लहान यंत्राचा डेमो डीलरने आमच्याच ट्रॅक्टरवर दिला. मोठं यंत्र शेजारच्या वस्तीवरून त्यांच्या ट्रॅक्टरसकट मागून आणलं आणि सावकाश गिअरमध्ये चालवलं. कागद काढून ओसरीवर मांडले. बाहेरच्या अंगाचे सगळे कागद लाल ठिपक्यांनी भरलेले, दोन्ही यंत्रांचे. आतल्या दहा कागदांपैकी लहान पंख्याचे सहा लागलेले, मोठ्याचे नऊ. आईने एकेक कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. “हा घ्या,” ती म्हणाली आणि शेणकूर करायला निघून गेली. निकाल लागला.

म्हणजे अर्धाच लागला. कारण अजून टाकीचा प्रश्न होता, आणि खरी भीती तिथेच होती.

ट्रॅक्टरच्या मागे वजन टांगलं की मागचं चाक हे तरफेच्या टेकूसारखं काम करतं आणि पुढचा भाग हलका होतो. लहानपणी सीसॉवर बसलेल्या कुणालाही हे कळेल. आमच्या ट्रॅक्टरचं वजन ६५० किलो. त्यातलं पुढच्या चाकांवर साधारण २६०. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर. मोठं यंत्र ३०० लिटर टाकीसह भरून ५०० किलो, आणि त्याचा भार मागच्या चाकाच्या ०.९ मीटर मागे. ५०० गुणिले ०.९, भागिले १.५ म्हणजे ३००. पुढच्या चाकांवर होते २६०, आणि उचलणार ३००. म्हणजे बांधावर नव्हे, सपाट रानातच ट्रॅक्टर शेपटीवर बसणार! स्टिअरिंग नीट लागायला पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे १३० किलो तरी भार हवा. आमच्या रानाला उतार आहे आणि खाली विहीर आहे, एवढंच सांगतो.

डीलर म्हणाला, “टाकी तीनशेची घ्या, पण दोनशेच भरा.” हे ऐकून मला हॉस्टेलचा नियम आठवला : ‘पंखा गरजेपुरताच लावावा.’ टाकी म्हटली की माणूस काठोकाठ भरणार. आज मी सांगेन, उद्या घाईत आण्णा भरतील, परवा दुसराच कुणी ट्रॅक्टर चालवेल. शिवाय अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी डचमळतं, ते वेगळंच. धोका टाळायचा तर तो यंत्रातच टाळला पाहिजे, माणसाच्या आठवणीवर सोडायचा नाही.

आण्णांना मात्र तीनशे लिटरच हवी होती, कारण खेपा कमी होतात. मग तोही हिशोब मांडला. चार एकरांना आमच्याकडे १,४०० लिटर पाणी लागतं. दोनशेच्या टाकीला सात खेपा, तीनशेच्या टाकीला पाच. एका खेपेला दहा मिनिटं धरली तर फरक वीस मिनिटांचा. सगळ्या ओळी मिळून जेमतेम पावणेचार किलोमीटर, म्हणजे ताशी अडीचने दीड तास. भरण्याचा वेळ आणि वळणं धरून तीन तासांत बाग उरकते. जिथे दोन दिवस जात होते तिथे तीन तास. मी म्हणालो, “आण्णा, वीस मिनिटांसाठी विहीर जवळ करायची का?”

आण्णा काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले. आमच्याकडे याला होकार म्हणतात.

शेवटी ठरलं ते दोन्ही कोटेशनांच्या मधलंच. पंखा ६१६चा, गिअरबॉक्स दोन स्पीडचा, टाकी २०० लिटरची. डीलरने आधी आढेवेढे घेतले, पण त्याच्याकडे तसं जोडून मिळत होतं. भरलेलं वजन ४०० किलो. पुढून उचलतो २४० किलोचा भार, उरतात २०. कमी पडणारे ११० भरून काढायला पुढच्या बंपरला ८५ किलोची लोखंडी वजनं लावली. ती पुढच्या चाकाच्याही अर्धा मीटर पुढे असल्याने ८५चे ११३ होतात. तरफ अशीही कामाला येते. महाडीबीटीवर अर्ज केला होता. तिथली पूर्वसंमती मिळेपर्यंत पावती करायची नाही हा नियम, त्यामुळे यंत्र यायला एप्रिल उजाडला. घाई करून आधीच घेतलं असतं तर अनुदान हुकलं असतं. ज्यांच्या घरी अशी खरेदी व्हायची आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं.

यंदाच्या मृग बहारात आण्णांनी पावसानंतर सकाळी सहाला सुरुवात करून नऊच्या आत बाग उरकलेली मी सुट्टीत स्वतः पाहिली. तेल्या गेला असं मी म्हणणार नाही. तो ब्लोअरने जातच नाही. रोगट फांद्या छाटणं, पडलेली फळं उचलून नष्ट करणं, कात्री निर्जंतुक करणं हे सगळं करावंच लागतं. सोलापूरला २००५ सालापासून डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथले शास्त्रज्ञही हेच सांगतात. पण फवारा वेळेवर पडतो, एवढं नक्की. आईच्या हातातली नळी सुटली. मिनी ट्रॅक्टरला केबिन नसते, म्हणून आण्णा मास्क लावतात. कुरकुर करत लावतात, पण लावतात. रात्रीचा खोकला बराच कमी आहे.

वर्गमित्र विचारतात, टर्बो मशीन्सला मार्क किती पडले? मार्क बेताचेच आहेत. पण पाचवा घात म्हणजे काय हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगता येतं. आपल्या पुस्तकांतल्या पुष्कळ पानांना असा कुणीतरी आण्णा भेटायला हवा, जो चष्मा लावून खालच्या ओळीबद्दल विचारेल.

आता एक शेवटची गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात तो दांडा दोन-तीन वेळा फिरलेला असतो. उपरण्याचं टोक, साडीचा पदर, शर्टाची सैल बाही त्यात अडकली तर हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून शाफ्टवर प्लास्टिकचं एक कव्हर येतं. बहुतेक ठिकाणी ग्रीस करायला अडचण होते म्हणून ते पहिल्याच महिन्यात काढून गोठ्यात टाकलेलं असतं. आपल्या हॉस्टेलमध्ये शिरूर, दौंड, बारामती, इंदापूरकडची निम्मी पोरं आहेत. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी येत्या सुट्टीत घरी गेल्यावर एवढंच करा. जेवण झालं की टॉर्च घेऊन गोठ्यात जा, ते कव्हर शोधा आणि परत बसवा. आणि कुणी विचारलं की हे कशाला, तर सांगा, पोरगा इंजिनिअरिंगला आहे!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)